पाळीव सापाला उंदीर जिवंत देतात की मेलेला? रीलमध्ये न दिसणारी बाजू

काचेची पेटी, आत वेटोळं घालून बसलेला जाडजूड साप, वरून सोडलेला पांढरा उंदीर आणि मागे जोरात वाजणारं म्युझिक. असले व्हिडिओ सध्या प्रत्येकाच्या मोबाईलवर येतात. बघणाऱ्याला वाटतं, साप पाळायचा म्हणजे त्याच्यापुढे असाच जिवंत उंदीर टाकायचा. प्रत्यक्षात ज्या देशांत साप पाळायला परवानगी आहे, तिथले जाणकार पाळणारे सापाला बहुतेक वेळा मेलेलाच उंदीर देतात. तोही फ्रीझरमधला. असं का करतात, आणि आपल्याकडे गावातल्या एखाद्या पोरानं बरणीत साप ठेवून त्याच्यापुढे उंदीर सोडला तर काय होऊ शकतं, ते समजून घेऊ.

व्हिडिओतला साप कोणता?

बहुतेक व्हिडिओंत दिसतो तो बॉल पायथन. हा आफ्रिकेच्या पश्चिम आणि मध्य भागातला छोटा अजगर. घाबरला की डोकं आत घेऊन चेंडूसारखा गोळा होतो, म्हणून बॉल. दुसरा कॉर्न स्नेक, अमेरिकेतला. हा मक्याच्या कोठारांच्या आसपास उंदरांमागे फिरणारा, आपल्या धामणीसारखा बिनविषारी साप. अमेरिका, ब्रिटन आणि युरोपातल्या अनेक देशांत लोक हे दोन्ही साप घरात पाळतात. त्यांतले बरेच पिढ्यान् पिढ्या पेटीतच जन्मलेले असतात, शेतातून धरून आणलेले नसतात. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

दोन्ही साप भक्ष्याला विळखा घालून मारतात. विळख्यात प्राणी गुदमरून मरतो असं आपण ऐकत आलो. पण २०१५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी बोआ जातीच्या सापांवर मोजमाप घेऊन दाखवलं, की विळखा पडताच काही सेकंदांत उंदराचं रक्ताभिसरणच कोलमडतं. म्हणजे श्वास कोंडायच्या आधीच उंदीर बेशुद्ध पडतो. अर्थात विळखा नीट बसला तर. आणि इथंच खरी गोम आहे.

जिवंत उंदराचा धोका सापालाच

शेतात साप उंदराला कसा धरतो ते आठवा. दबा धरतो, वास घेतो, भूक असेल तरच झडप घालतो. नेम चुकला तर उंदीर बिळात आणि साप आपल्या वाटेला. दोघांनाही पळायला जागा असते. पेटीत ती कुणालाच नसते. सापाला भूक नसली तरी उंदीर समोरच. आणि उंदराला पळता येत नसलं तरी त्याचे पुढचे दात शाबूत असतात. हे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि लाकूडसुद्धा पोखरतात. सापाच्या कातड्याचं काय घेऊन बसलात!

साप नेहमी खायच्या तयारीत नसतो. कात टाकायच्या आधी त्याचे डोळे दुधाळ होतात, नीट दिसत नाही, तेव्हा तो बहुधा खात नाही. थंडी पडली की खात नाही, कारण त्याच्या शरीराला पचनासाठी बाहेरची ऊब लागते. जागा बदलली, सारखं हाताळलं तरी खात नाही. अशा वेळी पेटीत रात्रभर उंदीर राहिला, तर त्यालाच भूक लागते. मग तो सापाची पाठ, शेपटी, डोळ्यांभोवतीचा भाग कुरतडू लागतो. गंमत म्हणजे पुष्कळदा साप पळतही नाही, नुसता पडून राहतो. सकाळी मालक बघतो तर पाठीवरचं मांस उघडं पडलेलं. परदेशातल्या जनावरांच्या डॉक्टरांकडे अशा जखमांचे साप येतच असतात. डोळा गेलेले, जखम चिघळलेले, काही तर मेलेले. रीलमध्ये हा भाग कुणी टाकत नाही.

उंदीर साधा घरातला असो की घूस, विळख्यात सापडल्यावर तो चावतोच. विळखा छातीऐवजी मागच्या बाजूला पडला, तर त्याचं तोंड मोकळं राहतं आणि ते सापाच्या डोक्याजवळच असतं.

उंदराच्या बाजूनंही बघायला हवं. शेतात मरण येतं ते अचानक. बंद पेटीत सापासमोर तासन् तास कोपऱ्यात थरथरत बसणं वेगळं. परदेशात पाळीव सापांसाठीचे उंदीर मुद्दाम वाढवतात आणि बहुधा कार्बन डायऑक्साइड वायूनं मारून मग गोठवतात. उंदराचं कसलं दुःख, असं काहींना वाटेल. ज्याच्या कणगीत घूस शिरली आहे त्याला तर नक्कीच वाटेल. पण उंदीर मारणं आणि त्याच्या भीतीचा खेळ करणं, या दोन गोष्टी एक नाहीत.

गोठवलेला उंदीर देतात कसा?

हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. फ्रीझरमधला उंदीर आधी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून सावकाश मऊ करतात. मग पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवतात, म्हणजे तो जिवंत उंदराइतका कोमट होतो. आत बर्फ राहिला तर सापाच्या पोटात बिघाड होतो आणि तो घास ओकतो. मायक्रोवेव्हमध्ये ठेवला तर कुठे शिजतो, कुठे गार राहतो, कधी फुटतोही.

कोमटच का? कारण अजगरांच्या ओठांच्या कडेला बारीक खळगे असतात आणि त्यांतून त्यांना उष्णता जाणवते. अंधारात गरम रक्ताचा प्राणी कुठे आहे ते त्यांना त्यावरून कळतं. थंडगार उंदीर म्हणजे त्यांच्या लेखी दगड. म्हणून तो ऊबदार करून, लांब चिमट्यात धरून थोडा हलवतात. साप झडप घालतो, विळखाही घालतो, मेलेल्यालाच! हातानं मात्र कधी देत नाहीत. सापाला उंदराचा वास लागलेला असतो आणि तुमचा हातही गरमच असतो.

आकाराचा साधा नियम असा, की उंदीर सापाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागापेक्षा फार मोठा नको. पिल्लांना केस न आलेली उंदराची पिल्लं देतात. मोठ्या सापाला आठवडा-दोन आठवड्यांनी एकदा. खाल्ल्यावर दोन दिवस त्याला हात लावत नाहीत, नाहीतर घास बाहेर येतो.

जिवंत उंदीर देणाऱ्यांचंही एक म्हणणं आहे. ते म्हणतात, हेच निसर्गाला धरून आहे आणि काही साप मेलेलं खातच नाहीत. दुसरी गोष्ट काही अंशी खरी. बॉल पायथन त्यासाठी प्रसिद्धच आहे, रुसला की महिनोन् महिने तोंड लावत नाही. अशा वेळी काही जण नाइलाजानं जिवंत उंदीर देतात, पण नजर हटवत नाहीत आणि सापानं थोड्या वेळात धरला नाही तर उंदीर बाहेर काढतात. पुढे ताजा मारलेला, मग गोठवलेला, अशी सवय लावतात. निसर्गाचा मुद्दा मात्र टिकत नाही. मोकळ्या रानातही साप मेलेले प्राणी खाताना अनेकदा आढळले आहेत. आणि काचेच्या पेटीत निसर्ग आणायचा कुठून?

आपल्याकडे हा प्रश्नच येऊ नये, कारण...

भारतात रानातला साप पाळणं हा गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली बदल झाले, त्यानंतर नाग, घोणस, धामण, अजगर हे साप पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. असा साप पकडला, कोंडला किंवा मारला आणि गुन्हा सिद्ध झाला तर किमान ३ वर्षं, जास्तीत जास्त ७ वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड. ‘धामणच होती, बिनविषारी होती’ हे कारण चालत नाही.

परदेशी बॉल पायथनचं वेगळं. तो आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. तो कुणाकडे असला तर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते. ऑनलाइन ओळखीवर कुणी ‘पायथनचं पिल्लू आहे, घेतो का’ म्हणून फोटो पाठवला, तर कागद विचारा. कागद नसतील तर त्या व्यवहारात पडू नका.

रील बनवणाऱ्यांसाठी आणखी एक कलम आहे, ते फार कुणाला माहीत नाही. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या कलम ११ मध्ये, केवळ करमणुकीसाठी एखाद्या प्राण्याला कोंडून दुसऱ्याचं भक्ष्य बनवणं ही क्रूरता म्हटली आहे. लाईकसाठी बरणीत उंदीर सोडणं या व्याख्येत सहज बसू शकतं. कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये लिहिलेला आहे, तेवढा वाचून हसू नका. त्याच व्हिडिओत साप दिसत असतो, आणि त्याचं कलम वर सांगितलंच आहे.

बरणीतला साप

समजा पोरांनी साप धरला, बरणीत घातला आणि वर उंदीर टाकला. काय होईल? साप घाबरलेला, जागा अनोळखी, तो खाणार नाही. उंदीर त्याला कुरतडेल, किंवा साप सुटायची धडपड करत तोंड आपटून घेईल. बरं, आपले सगळे साप उंदीर खातात हाही गैरसमजच. मण्यार मुख्यतः दुसरे साप खाते. कवड्या घरातल्या पाली खातो. पाणदिवड मासे आणि बेडकांवर जगतो, फुरसं विंचूही खातं. वाळा तर मुंग्या-वाळवीच्या अंडी-अळ्यांवर भागवतो, त्याच्यापुढे उंदीर म्हणजे हत्तीच. विदर्भात सापडणारा अंडीखाऊ साप नावाप्रमाणे पक्ष्यांची अंडी गिळतो. म्हणजे साप ओळखता येत नसेल, तर त्याला खायला काय द्यायचं हेही ठरवता येत नाही.

दुधाचंही तेच. नागपंचमीला दूध पिणारा नाग आपण पाहिला असं कितीतरी लोक सांगतात. साप सस्तन प्राणी नाही, दूध त्याचा आहार नाही. दिवसेंदिवस पाण्याविना ठेवलेला साप समोर येईल ते द्रव तोंडात घेतो, त्याला आपण भक्ती समजतो. नंतर त्या दुधानंच तो आजारी पडतो.

सगळ्यात मोठा धोका ओळखीतल्या चुकीचा. अजगराच्या अंगावरचे चट्टे आणि घोणसच्या अंगावरचे चट्टे लांबून सारखे वाटतात. मोबाईलवर बॉल पायथन हातात घेतलेला बघितला, की बांधावरची सुस्त पडलेली घोणस ‘अजगराचं पिल्लू’ वाटते आणि हात पुढे जातो. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशानं वर्षाला सरासरी ५८,००० लोक गेले असा संशोधकांचा अंदाज आहे, आणि त्यात घोणसचा वाटा मोठा आहे. दंश झालाच तर मांत्रिक नको, चिरणं-चोखणं नको, आवळून बांधणं नको. रुग्णाला शांत ठेवा, चावलेला हात-पाय हलू देऊ नका, १०८ ला फोन करा आणि सर्पदंशावरची लस असलेलं सरकारी रुग्णालय गाठा.

मेलेला उंदीर सापडला म्हणून तो कुठल्याही प्राण्यापुढे टाकू नका, ही आणखी एक गोष्ट. आपल्याकडचे मेलेले उंदीर बहुतेक औषधानं मेलेले असतात. ते विष उंदराच्या अंगात राहतं आणि खाणाऱ्या घुबडाला, मांजराला, सापालाही बाधतं. उंदीर उघड्या हातानं उचलूही नका. त्यांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, भातशेतीच्या भागात पावसाळ्यात तो दरवर्षी डोकं वर काढतो. फावड्यानं उचला आणि खोल पुरा.

घरात साप निघाला तर त्याला खायला-प्यायला काही देण्याची गरजच नाही. बऱ्याच सापांना एका जेवणावर कित्येक दिवस निघतात. पोरांना आणि जनावरांना लांब करा, लांबूनच त्याच्यावर नजर ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या टोल-फ्री नंबरवर किंवा ओळखीच्या सर्पमित्राला फोन लावा. पकडताना सापानं उंदीर ओकला तर घाबरू नका. भरल्या पोटी पळता येत नाही, म्हणून तो घास टाकतो. तो सर्पमित्र साप घरी नेऊन ठेवणार असेल, तर तिथंच विचारा की सोडणार कधी आणि कुठे. साप लवकरात लवकर आणि जवळच्याच योग्य जागी सोडायचा असतो, म्हणजे तो आपलं भक्ष्य आपणच शोधतो.