विश्लेषण : ठाणे ते अचलपूर या वाटेला ६६० वर्षे का लागली?

खामगावहून अकोला, अकोट करत अचलपूरला आज काही तासांत पोहोचता येते. याच अचलपुरात, म्हणजे जुन्या एलिचपुरात, १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीची फौज उतरली आणि वऱ्हाडाने पहिल्यांदा मुस्लिम सैन्य पाहिले. शाळेच्या पुस्तकातून आपल्याला आठवते ती गोष्ट बहुधा इथूनच सुरू होते. प्रत्यक्षात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर अरब फौज आली होती ती ६३६ च्या सुमारास, प्रेषित मुहम्मदांच्या निधनानंतर अवघ्या चार वर्षांनी. मग मधली ६६० वर्षे गेली कुठे?

ठाण्यावर कोण आले होते?

तो काळ अरबांच्या झपाट्याचा होता. खालिद बिन वलीदने यर्मूकच्या लढाईत बायझंटाईन सैन्याचा धुव्वा उडवला, साद बिन अबी वक्कासने कादिसियाला इराणी सत्तेचे कंबरडे मोडले आणि थोड्याच वर्षांत अम्र बिन अल-आस इजिप्तमध्ये शिरला. मदिनेत खलिफा होते उमर. त्यांनी बहारीन आणि ओमानचा कारभार उस्मान बिन अबी अल-आस या सकीफ टोळीच्या सरदाराकडे सोपवला. (नंतर खलिफा झालेले उस्मान वेगळे. नावातील साम्यामुळे हा घोळ नेहमी होतो.)

या उस्मानने ओमानच्या किनाऱ्यावरून ठाण्याकडे जहाजे पाठवली. नवव्या शतकातील इतिहासकार बलाझुरीने ही हकिकत नोंदवली आहे. त्याच्या म्हणण्यानुसार उस्मानचा भाऊ हकम भडोचवर आणि दुसरा भाऊ मुगीरा सिंधमधील देबल बंदरावर गेला. ओमानचे खलाशी मोसमी वाऱ्यांवर कोकणात येतच असत, त्यामुळे वाट नवी नव्हती. नवे होते ते जहाजातले हत्यारबंद सैनिक.

खलिफा खूश का झाले नाहीत?

फौज सुखरूप परतल्यावर उस्मानने मदिनेला कळवले आणि उलट टपाली झाडणी आली. लाकडाच्या तुकड्यावर किडे बसवून ते पाण्यात सोडावेत तसा हा उद्योग आहे, आणि माणसे बुडाली असती तर तेवढीच माणसे तुझ्या टोळीतून वसूल केली असती, असा उमर यांच्या उत्तराचा आशय होता. मोहिमेला त्यांची परवानगी नव्हती. वाळवंटात वाढलेल्या या राज्यकर्त्याचा समुद्रावर अजिबात भरवसा नव्हता. अरबांनी सायप्रसवर आरमार नेले ते ६४९ मध्ये, उमर यांच्या पश्चात.

दुसरे कारण दख्खनमध्येच होते. कोकणच्या मौर्यांचा पाडाव करून दुसरा पुलकेशी तेव्हा ऐन भरात होता. त्याच्या पराक्रमाचे वर्णन करणारा ऐहोळेचा शिलालेख ६३४ चा, म्हणजे ठाण्याच्या मोहिमेच्या जेमतेम दोन वर्षे आधीचा. अशा राजाच्या बंदरावर दोन-चार जहाजे आणून लूट करता येते, राज्य घेता येत नाही. काही अभ्यासक तर ही मोहीम खरोखर झाली का, याबद्दलच शंका घेतात. पण बलाझुरीने आपल्याच खलिफाची नाराजी मुद्दाम रचून लिहिण्याचे काही कारण दिसत नाही.

जमिनीच्या वाटेने काय झाले?

मुहम्मद बिन कासिमने ७१२ मध्ये सिंध जिंकला आणि दख्खनचा रस्ता जमिनीवरून उघडला. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत सिंधचे अरब सुभेदार कच्छ, सौराष्ट्र, गुर्जर असे एकेक प्रदेश तुडवत नवसारीपर्यंत आले. तिथे त्यांची गाठ पडली चालुक्यांच्या गुजरात शाखेतील अवनिजनाश्रय पुलकेशीशी. त्याचा ७३९ चा नवसारी ताम्रपट या लढाईचा पुरावा आहे. अरबांना त्यात ‘ताजिक’ म्हटले आहे. दक्षिणापथात शिरण्याच्या इराद्याने ते आधी नवसारीवर आले आणि हरले, असे तो सांगतो. बदामीच्या सम्राटाने पुलकेशीला दिलेल्या पदव्यांपैकी एक होती ‘अनिवर्तकनिवर्तयितृ’, म्हणजे मागे न हटणाऱ्यांना मागे हटवणारा. प्रशस्तीत अतिशयोक्ती असतेच, पण अरबांची दख्खनकडे तशी मोठी चाल पुन्हा झाली नाही, हेही खरे. खिलाफतीचे लक्षही लवकरच घरच्या भांडणांत गुंतले आणि ७५० मध्ये उमय्या घराणेच कोसळले.

मग अरब आलेच नाहीत का?

आले, व्यापारी म्हणून. राष्ट्रकूट राजांनी त्यांना बंदरांत जागा दिली, इतकी की त्यांच्यातल्या एकाला अधिकारीही केले. पालघर जिल्ह्यातील चिंचणी येथे सापडलेला ९२६ चा ताम्रपट वाचताना आजही माणूस चमकतो. संजाण मंडलाचा कारभारी त्यात ‘मधुमती’ नावाने येतो. हे मुहम्मद नावाचे संस्कृत रूप. राष्ट्रकूट कृष्णराजाने नेमलेला हा ताजिक अधिकारी नदीवर फुकट नाव चालवतो, अन्नछत्र घालतो आणि एका ब्राह्मणाने बांधलेल्या मठिकेसाठी जमीन दान करण्याची व्यवस्था करतो. ज्यांना नवसारीला तलवारीने अडवले, त्यांच्याच नावाचा माणूस दोनशे वर्षांत संजाणला राजाचा विश्वासू होता. ठाण्याच्या मोहिमेपेक्षा हा ताम्रपट शाळेच्या पुस्तकात यायला हवा.

वऱ्हाडाची पाळी कशी आली?

१२९६ ची फौज अरब नव्हतीच. मधल्या काळात मध्य आशियातून आलेले तुर्क दिल्लीत स्थिरावले होते आणि खिलजी त्यांच्यानंतर गादीवर आले होते. कडा प्रांताचा सुभेदार असलेला अल्लाउद्दीन सुमारे आठ हजार स्वार घेऊन विंध्य उतरला. उस्मानप्रमाणे त्यानेही धन्याची परवानगी घेतली नव्हती. एलिचपुरात मुक्काम करताना, आपण काकावर रुसून दक्षिणेत नोकरी शोधायला निघालो आहोत, अशी आवई त्याने उठवली आणि मग थेट देवगिरी गाठली. यादव रामचंद्राचे मुख्य सैन्य तेव्हा बाहेर होते. तहात अपार सोन्याबरोबर एलिचपूर प्रांताचा वार्षिक महसूल द्यायचे ठरले. वऱ्हाडच्या काळ्या मातीचे उत्पन्न दिल्लीकडे जायला लागले ते या कलमापासून. उस्मानला खलिफाची बोलणी खावी लागली होती. अल्लाउद्दीनने मात्र त्याच वर्षी काकाचा खून करवला आणि देवगिरीचे सोने वाटत दिल्लीचे तख्त घेतले.