बंदूक कंपनीची, माणूस आपला

३ डिसेंबर २०२५ रोजी येमेनमधल्या साना शहरातून सुटका झालेले काही खलाशी मस्कतला पोहोचले. त्यात बहुतेक फिलिपिनो होते, आणि त्यांच्याबरोबर एक भारतीयही होता. ही सारी माणसे ‘इटर्निटी सी’ या मालवाहू जहाजावरची. ७ जुलै २०२५ रोजी तांबड्या समुद्रात हूथींनी या जहाजावर हल्ला केला आणि दोन दिवसांत ते बुडाले. किमान ४ जण दगावले. काहींना हूथींनी धरून नेले, तर १० जणांना समुद्रातून जिवंत बाहेर काढण्यात आले. जहाजावर २२ खलाशी आणि ३ सशस्त्र रक्षक होते. पाण्यातून वाचवलेल्या १० जणांत एक भारतीय रक्षकही होता.

धरून नेलेल्यांची सुटका ओमानच्या प्रयत्नांमुळे झाली, आणि भारत सरकारने त्याबद्दल ओमानचे आभारही मानले. इथे राहणाऱ्या आपल्या सर्वांना ही अभिमानाची गोष्ट वाटली. पण त्या निमित्ताने आपल्या घराघरांत अधूनमधून निघणाऱ्या एका विषयावर जरा सविस्तर लिहावे असे आम्हांला वाटले.

तो विषय असा. गावाकडून फोन येतो. भाचा किंवा चुलतभाऊ फौजेतून निवृत्त होऊन घरी आलेला असतो. आपल्याकडे सातारा, सांगली, कोल्हापूर, बेळगाव या पट्ट्यात घरटी एक जवान देणारी गावे आहेत. साताऱ्याजवळच्या एका गावाचे तर नावच ‘मिलिटरी अपशिंगे’ पडले आहे. हा जवान निवृत्त होतो तेव्हा त्याचे वय बहुधा पस्तीस ते चाळीस. पेन्शन सुरू होते, पण मुलांची शाळा, घराचे कर्ज, म्हाताऱ्या आईबापांची औषधे या सगळ्याला ती पुरत नाही. मग कोणी एजंट सांगतो, ‘बोटीवर गार्डचे काम आहे, पगार डॉलरमध्ये.’ आणि घरचे आपल्याला विचारतात, ‘काका, तुम्ही तिकडेच असता ना? जाऊ द्यावं का पोराला?’

या प्रश्नाला हो किंवा नाही असे एका शब्दात उत्तर देता येत नाही. पण काही गोष्टी माहीत असल्या तर सल्ला नीट देता येतो.

हे काम आले कुठून?

साधारण २००८ पासून सोमाली चाच्यांचा उपद्रव फार वाढला. त्याची झळ आपल्या ओमानच्या किनाऱ्यालाही लागली. २० ऑगस्ट २०११ रोजी ‘फेअरकेम बोगी’ हे जहाज थेट सलाला बंदराबाहेरच्या नांगरतळावरून चाच्यांनी पळवले. त्यावरचे सर्व २१ खलाशी भारतीय होते. ते सुटले २०१२ च्या जानेवारीत. मे २०१२ मध्ये रास मद्रकापासून दूर समुद्रात ‘स्मिर्नी’ हे तेलवाहू जहाज पळवले गेले, त्यावरही भारतीय होते. सर्वांत दुःखद कथा ‘अस्फाल्ट व्हेंचर’ची. सप्टेंबर २०१० मध्ये पकडलेले हे जहाज खंडणी घेऊन एप्रिल २०११ मध्ये सोडले, पण ७ भारतीय खलाशांना चाच्यांनी अडकवून ठेवले. ते घरी परतले २०१४ च्या अखेरीस, म्हणजे तब्बल ४ वर्षांनी.

असे प्रकार वाढल्यावर जहाजमालकांनी खासगी कंपन्यांचे सशस्त्र रक्षक नेमायला सुरुवात केली. भारताच्या जहाज महासंचालनालयानेही २०११ साली भारतीय जहाजांवर असे रक्षक ठेवण्याबाबत नियम काढले. सशस्त्र रक्षक असलेले जहाज सोमाली चाच्यांच्या हाती लागत नाही, असा या धंद्याचा लौकिक झाला. तेव्हापासून निवृत्त सैनिकांना मागणी आली. त्यात ब्रिटिश, ग्रीक, एस्टोनियन, नेपाळी होते, तसेच आपलेही होते.

कामाचे स्वरूप

बहुधा तीन-चार जणांची टोळी जहाजावर चढते. पाळीपाळीने पुलावर, म्हणजे जहाज चालवण्याच्या खोलीजवळ, पहारा द्यायचा. दुर्बिणीतून लहान होड्या हेरायच्या. कठड्याला काटेरी तारा लावायच्या, पाण्याचे पाइप तयार ठेवायचे. संशयित होडी जवळ आली तर आधी बंदूक नुसती दाखवायची, मग इशाऱ्याचे बार काढायचे. नेम धरून गोळी हा अगदी शेवटचा उपाय. ९९ दिवस काहीच घडत नाही, ऊन आणि कंटाळा एवढेच वाट्याला येते. शंभराव्या दिवशी मात्र डोके शांत ठेवावे लागते, कारण समोरचा चाचाच असेल असे नाही. आपल्या ओमानच्या किनाऱ्यावर मासेमारीच्या होड्या किती असतात ते आपण रोज पाहतो.

१५ फेब्रुवारी २०१२ रोजी केरळच्या समुद्रात ‘एन्रिका लेक्सी’ या इटालियन जहाजावरून झालेल्या गोळीबारात दोन गरीब मच्छीमार मारले गेले. गोळी झाडणारे खासगी रक्षक नव्हते, इटलीच्या नौदलाचे जवान होते. तरी ते प्रकरण पुढे ९ वर्षे चालले आणि १० कोटी रुपये भरपाई दिल्यावर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मिटवले. त्या जवानांमागे त्यांचे सरकार उभे होते. खासगी रक्षकाच्या हातून असे घडले तर त्याच्यामागे कोण उभे राहणार, हा खरा प्रश्न आहे.

दुसरी अडचण बंदुकीची. बंदूक घेऊन कोणत्याही देशाच्या बंदरात उतरायचे तर त्या देशाची परवानगी हवी. ती कटकट टाळण्यासाठी ‘तरंगती शस्त्रागारे’ निघाली. ही जुनी जहाजे किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरच्या बाहेर, आपल्या ओमानच्या आखातात आणि तांबड्या समुद्रात उभी असत. एक फेरी संपली की रक्षक तिथे उतरतो, बंदूक जमा करतो आणि पुढच्या जहाजाची वाट पाहत राहतो. अशा वेळी तो कोणत्याच देशाच्या जमिनीवर नसतो, हे लक्षात घ्यावे.

तूतिकोरिनचा धडा

या बाबतीत ‘सीमन गार्ड ओहायो’ची हकीकत प्रत्येकाने वाचावी अशी आहे. ऑक्टोबर २०१३ मध्ये हे जहाज तमिळनाडूत तूतिकोरिनजवळ अडवले गेले. कंपनी अमेरिकन, जहाजावर झेंडा सिएरा लिओनचा. आत ३५ माणसे: ६ ब्रिटिश, १४ एस्टोनियन, ३ युक्रेनी आणि १२ भारतीय. सोबत ३५ रायफली आणि ५ हजारांहून अधिक काडतुसे. आम्ही चाच्यांपासून जहाजांचे रक्षण करतो, असे त्यांचे म्हणणे. पण भारताच्या हद्दीत विनापरवाना शस्त्रे आणल्याचा गुन्हा दाखल झाला आणि सर्वांना तुरुंगात टाकले. जानेवारी २०१६ मध्ये सर्वांना ५ वर्षांची शिक्षा झाली. शेवटी २७ नोव्हेंबर २०१७ रोजी मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने सर्वांना निर्दोष सोडले.

निर्दोष ठरायला ४ वर्षे लागली. या काळात घरी बायकामुलांनी कसे दिवस काढले असतील याचा विचार करावा. या माणसांवर ना चाच्यांची गोळी आली, ना वादळ आले. त्यांना बुडवले ते कागदाने.

फौजी आणि कंपनीचा गार्ड

ओमानला पगारी लढवय्ये नवे नाहीत. १९६५ ते १९७५ या काळात धोफारच्या डोंगरात जे युद्ध झाले, त्यात सुलतानांच्या सैन्यात ब्रिटिश अधिकारी होते. काही ब्रिटिश सरकारने पाठवलेले, काही थेट करारावर आलेले. शिपायांमध्ये बलुची मोठ्या संख्येने होते. ग्वादर बंदर १९५८ पर्यंत ओमानच्या ताब्यात होते, त्यामुळे ही जुनी वहिवाट. पण तो करारावरचा अधिकारीसुद्धा सुलतानांचा गणवेश घालून, सुलतानांच्या हुकुमाखाली लढत होता. पकडला गेला तर तो कोणाचा सैनिक हे स्पष्ट होते.

आजच्या खासगी रक्षकाचे तसे नाही. ‘इटर्निटी सी’चेच पाहा: झेंडा लायबेरियाचा, चालवणारे ग्रीक, खलाशी फिलिपिनो, रक्षकांत भारतीय, हल्ला येमेनमधून आणि सुटका ओमानमार्गे. सानातला भारताचा दूतावास तर २०१५ सालीच बंद झाला. फौजेत असताना जवानामागे पलटण असते, दवाखाना असतो, काही झाले तर घरी येणारा अधिकारी असतो. कंपनीच्या गार्डमागे असतो एक करार. तो करार कच्चा असेल तर मागे कोणीच नाही.

आणखी एक बदल झाला आहे. चाच्यांच्या होडीपुढे रायफल चालते. नोव्हेंबर २०२३ पासून सुरू झालेल्या ड्रोन आणि क्षेपणास्त्रांच्या हल्ल्यांपुढे ती चालत नाही. त्यामुळे दहा वर्षांपूर्वी हे काम करून आलेल्या मित्राचा अनुभव आज जसाच्या तसा लागू पडेल असे समजू नये.

जमिनीवरची कामे

बोटीपेक्षा जमिनीवरच्या कामात फसगत अधिक. २० जून २०१६ रोजी काबूलमध्ये कॅनडाच्या वकिलातीचे पहारेकरी साध्या मिनीबसमधून कामावर निघाले असताना आत्मघाती हल्ला झाला. मेलेल्यांत बहुतेक नेपाळी होते, आणि देहरादूनकडचे दोन भारतीय. ज्या वकिलातीचे ते रक्षण करत होते, तिच्या पगारपत्रकावर ते नव्हते, कंत्राटदार कंपनीच्या पगारपत्रकावर होते.

अलीकडे तर ‘सुरक्षा मदतनीस’ म्हणून रशियाला नेलेल्या भारतीय तरुणांना थेट युक्रेनच्या लढाईत ढकलल्याचे उघड झाले. काही मेले. मार्च २०२४ मध्ये सीबीआयने एजंटांवर गुन्हा नोंदवला आणि छापे घातले, त्यात मुंबईही होती.

काय विचारावे?

गावाकडून फोन आला तर निदान एवढे प्रश्न विचारायला सांगावे:

१. पगार देणारी कंपनी कोणती, नोंदणी कोणत्या देशात? एजंट म्हणजे कंपनी नव्हे.

२. जमिनीवरच्या नोकरीचा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला आहे का? ‘ई-मायग्रेट’वर पाहता येते. त्याला ३० हजार रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. लाखात पैसे मागितले तर तिथेच थांबावे.

३. व्हिसा कसला? व्हिजिट व्हिसावर पहाऱ्याचे काम म्हणजे गडबड समजावी.

४. पासपोर्टचा भाग नीट समजून घ्यावा. दहावी पास जवानाला परदेशी नोकरीसाठी वेगळी सरकारी मंजुरी लागत नाही. ही सोय आहे, पण याचाच अर्थ असा की त्याचा करार निघण्यापूर्वी कोणीही तपासत नाही. तो आपणच तपासायचा.

५. बोटीवर असेल तर नाव खलाशी म्हणून नोंदणार की जादा माणूस म्हणून? खलाशांना सागरी कामगार कराराचे संरक्षण असते. रक्षकांना ते पुष्कळदा मिळत नाही.

६. बंदुकीचा परवाना कोणाच्या नावे, कोणत्या देशाचा, आणि त्याची प्रत रक्षकाजवळ राहणार का?

७. विम्यात युद्धाने झालेला मृत्यू आणि अपंगत्व धरले आहे का? साध्या पॉलिसीत ते बहुधा वगळलेले असते. अपहरण झाले तर पगार चालू राहणार का, आणि वकिलाचा खर्च कोणाचा?

८. आरोग्यतपासणी, प्रशिक्षण आणि परतीचे तिकीट कोणाच्या पैशाने?

या प्रश्नांची उत्तरे तोंडी नकोत, करारात लिहिलेली हवीत. ‘तिकडे गेल्यावर देतो’ असे एजंट म्हणाला तर पोराला घरीच राहू द्यावे. गावाजवळ पर्याय नाहीत असेही नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये आहेत, आणि माजी सैनिकांना काम देणारे ‘मेस्को’ महामंडळ आहे. पगार कमी, पण रात्री माणूस घरी असतो.

जो जाणारच, त्याला आपण अडवू शकत नाही, आणि अडवण्याचा आपल्याला अधिकारही नाही. आपल्यातले कितीतरी जण असेच कर्ज काढून आखातात आले. पण जाणाऱ्याने कराराची, पासपोर्टची आणि विम्याची प्रत बायकोजवळ ठेवावी, मित्राजवळ नव्हे. जहाजाचे नाव बदलले की घरी कळवावे. घरच्यांनीही संपर्क तुटला तर एजंटाच्या आश्वासनावर दिवस न घालवता लगेच परराष्ट्र मंत्रालयाशी संपर्क साधावा. ओमानच्या हद्दीतली अडचण असेल तर मस्कतचा आपला दूतावास आहे, तिथे भरणारे ओपन हाउस आहे.

ज्या कोणाला असा करार हाती आला असेल आणि त्यातली इंग्रजी कलमे नीट उलगडत नसतील, त्यांनी पुढच्या महिन्याच्या बैठकीला तो कागद घेऊन यावे. आपल्या मंडळात जहाज कंपन्यांत आणि विमा कंपन्यांत काम केलेली मंडळी आहेत. सगळे मिळून वाचू.