पडद्यावरची पाटी

हडपसरमधील मगरपट्ट्याच्या शेतजमिनीवर आज सायबरसिटी उभी आहे. तेथे काय किंवा अन्यत्र काय, संगणकाच्या पडद्यावरील सर्वांत साधा घटक म्हणजे ‘लेबल’. ही निव्वळ पाटी होय. ती मजकूर वा चित्र दाखवते, वापरणाऱ्याकडून काही लिहून घेत नाही.

पायथॉनच्या ‘टीकेइंटर’मध्ये मात्र ही साधी पाटीही नवशिक्यांना चकवते. मजकूर आणि चित्र दोन्ही दिल्यास केवळ चित्रच दिसते. दोन्ही हवी असल्यास ‘कंपाउंड’ हा पर्याय द्यावा लागतो. त्याहून फसवा प्रकार म्हणजे कोरी पाटी. फंक्शनमध्ये तयार केलेले चित्र व्हेरिएबलमध्ये जपून ठेवले नाही, तर फंक्शन संपताच ते स्मृतीतून पुसले जाते. चुकीची सूचनाही येत नाही! लेबललाच ते चित्र जोडून ठेवावे, हा त्यावरील रूढ उपाय.

मराठीची अडचण निराळी. पाटीची उंची पिक्सेलांत आखून दिली, की ‘हडपसर’ नीट उमटते, कारण त्यात काना-मात्रा नाही; ‘कुर्डुवाडी’चा रफार आणि उकार मात्र छाटला जाण्याची भीती असते. उंची मजकुरानुसार ठरू द्यावी आणि चाचणीसाठी कुर्डुवाडीच घ्यावी.