पीटर रॅकमन : एका घरमालकाचे नाव शिवी कसे झाले

इंग्रजी शब्दकोशात माणसांच्या नावांवरून तयार झालेले पुष्कळ शब्द आहेत. त्यांतलाच एक ‘रॅकमनिझम’. भाडेकरूंना धाकदपटशा दाखवणे, त्यांना नाडणे आणि त्यातून पैसा कमावणे, असा त्याचा अर्थ. ज्याच्या नावावरून हा शब्द रूढ झाला तो लंडनचा घरमालक पीटर रॅकमन १९६२ साली वारला. आपल्या बेटावरच्या किती तरी घरांतून मुलगा किंवा मुलगी परिचारिकेचे शिक्षण घ्यायला नाही तर नोकरीसाठी विलायतेला गेली. परक्या शहरात पहिली खोली शोधणे म्हणजे काय, हे त्या घरांना सांगायला नको. म्हणून या माणसाची हकिकत आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

रॅकमनचा जन्म १९१९ साली ल्वुफ या शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर तेव्हा पोलंडमध्ये होते, आज ते युक्रेनमध्ये आहे. वडील दंतवैद्य होते. दुसरे महायुद्ध आले आणि सारे विस्कटले. सोव्हिएत श्रमछावणीतले हाल सोसून तो जनरल आंदेर्स यांच्या पोलिश सैन्यात दाखल झाला आणि मध्यपूर्व व इटलीत इंग्रजांच्या बाजूने राहिला. युद्ध संपले तेव्हा त्याचे गाव सोव्हिएत रशियाकडे गेले होते. तो ब्रिटनमध्येच राहिला. मिळेल ते हलके काम त्याने केले, मग घरांच्या एका दलालाकडे नोकरी धरली आणि १९५० नंतरच्या काही वर्षांत स्वतःच घरे विकत घेऊ लागला.

त्याचा धंदा चालत होता कसा, हे नीट समजून घेतले पाहिजे. लंडनच्या नॉटिंग हिल आणि पॅडिंग्टन भागांत चार-पाच मजल्यांची जुनी घरे होती. त्यांत वर्षानुवर्षे राहणाऱ्या भाडेकरूंचे भाडे कायद्याने बांधलेले होते, म्हणून असे घर स्वस्तात मिळे. तीच खोली रिकामी झाली की तिची किंमत वाढे. १९५७ साली हुजूर पक्षाच्या सरकारने नवा भाडे कायदा केला आणि नव्या भाडेकरूकडून मालकाला वाटेल ते भाडे घेण्याची मोकळीक मिळाली. मग जुना भाडेकरू निघावा कसा, एवढाच प्रश्न उरला. कुणाला पैसे देऊन उठवले, कुणाला दुसरीकडे हलवले. जे हलेनात त्यांच्या मागे दांडगे लोक आणि रात्रभर गोंगाट करणारे शेजारी लावले, असे आरोप झाले. रिकाम्या घरांच्या लहान लहान खोल्या पाडल्या आणि त्या वेस्ट इंडीजहून आलेल्या लोकांना जबर भाड्याने दिल्या.

हे लोक एवढे भाडे का देत होते? कारण दुसरीकडे दार उघडत नव्हते. १९४८ साली ‘विंडरश’ जहाजातून जमैका, त्रिनिदादची माणसे उतरली ती ब्रिटिश प्रजाजन म्हणूनच. पण ‘काळ्यांना खोली मिळणार नाही’ अशा पाट्या लंडनच्या खिडक्यांत उघडपणे लागत होत्या, आणि तसे करणे गुन्हा नव्हता. १९६५ साली वंशभेदाविरुद्ध पहिला कायदा झाला, त्यात घरांचा प्रश्न आलाच नाही. तो आला १९६८ च्या कायद्यात. तोपर्यंत दार उघडणारा जो कुणी असेल तो मागेल ते दाम. रॅकमनने दार उघडले हे खरे, आणि त्याचे दाम पुरेपूर घेतले हेही तितकेच खरे.

२९ नोव्हेंबर १९६२ रोजी वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराने तो गेला. ब्रिटिश नागरिकत्व त्याला अखेरपर्यंत मिळाले नाही. जिवंतपणी त्याचे नाव फारसे कुणाला ठाऊक नव्हते. खासदार बेन पार्किन यांनी मात्र या भागातील भाडेकरूंचे हाल पार्लमेंटात मांडले होते. १९६३ साली प्रोफ्युमो प्रकरण गाजले, त्यातील मँडी राइस-डेव्हिस हिचे रॅकमनशी असलेले संबंध बाहेर आले आणि वर्तमानपत्रांनी मेलेल्या माणसाचे नाव घरोघर पोचवले. चौकशीसाठी मिल्नर हॉलंड समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९६५ साली आला, आणि त्याच वर्षी मजूर पक्षाच्या सरकारने भाडेकरूंना पुन्हा संरक्षण देणारा कायदा केला.

रॅकमन साधुपुरुष होता असे आम्ही म्हणत नाही. परंतु हा धंदा करणारा तो एकटा नव्हता. त्याला वाट करून देणारा कायदा पार्लमेंटाने केला होता, आणि खिडकीत पाट्या लावणारे लोक सभ्य म्हणूनच ओळखले जात होते. परदेशातून आलेल्या, मेलेल्या एका माणसाच्या नावावर सारे पाप टाकणे सोपे होते. पुढे १९८८ च्या कायद्याने कारण न देता भाडेकरूला घर सोडायला लावण्याची सोय इंग्लंडमध्ये पुन्हा झाली, आणि ती रद्द करण्यासाठी २०२५ साली आणखी एक कायदा करावा लागला. म्हणजे रॅकमन गेला, तरी प्रश्न राहिलाच.

आपले पूर्वज कोकणातून या बेटावर आले तेव्हा ऊसमळ्यावरच्या कॅम्पात राहिले. डोक्यावरचे छप्पर मालकाचे, म्हणून तोंडातून शब्द काढायची चोरी. आज देवाच्या दयेने आपल्यातही चार खोल्या भाड्याने देणारे घरमालक आहेत. बाहेरून कामाला आलेला एखादा परका माणूस दाराशी उभा राहील तेव्हा त्याची अडचण पाहून आपण भाडे वाढवतो का, हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे. रॅकमनची गोष्ट दूरच्या लंडनची असली तरी हा प्रश्न आपल्या उंबरठ्यावरचा आहे, असे आम्हांला वाटते.