चिडवल्याने वजन उतरत नाही

गुटगुटीत मुलाला ‘जाड्या’ म्हणून हिणवले की ते लाजेने तरी कमी खाईल, असा समज अनेक घरांत असतो. पुरावा मात्र उलट दिशा दाखवतो. अमेरिकेत २,३७९ मुलींचा लहानपणापासून पाठपुरावा केला गेला. त्या माहितीचे विश्लेषण २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. दहाव्या वर्षी ‘तू फार जाड आहेस’ असे ऐकलेल्या मुली एकोणिसाव्या वर्षी लठ्ठ असण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त आढळली. मुळात जाड मुलींनाच लोक तसे म्हणणार, अशी शंका रास्त आहे. पण सुरुवातीचे वजन आणि घरचे उत्पन्न हिशेबात धरूनही फरक उरलाच. अशा पाहणीतून कार्यकारणभाव पक्का सिद्ध होत नाही, हे खरे. तरी त्यामागची साखळी समजण्याजोगी आहे. अपमानाने ताण वाढतो, ताणात गोडधोड खावेसे वाटते आणि हसू होईल म्हणून मूल मैदान टाळते.

मग गप्प बसायचे का? मुळीच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात पाच वर्षांखालील जादा वजनाच्या बालकांचे प्रमाण २.१ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर गेले. बालवयातील लठ्ठपणातून मधुमेह आणि यकृताचे विकार उद्भवू शकतात, म्हणून डॉक्टरांचा सल्ला हवाच. मात्र बदल साऱ्या घराने करावा: सर्वांच्या ताटात भाजी-उसळ, शीतपेयाऐवजी पाणी, रोज खेळ आणि पुरेशी झोप. एकट्या मुलाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, तर त्याचे मनही खचते आणि तब्येतही सुधारत नाही.