गोचीड, जंत आणि आपली मर्यादा

कृमिचिकित्सेचे तीन उपाय चरकसंहितेच्या विमानस्थानात सांगितले आहेत : अपकर्षण, प्रकृतिविघात आणि निदानपरिवर्जन. पाळीव प्राण्यांच्या बाबतीतही हा क्रम उपयोगी पडतो. मात्र आपली मर्यादा ओळखून.

महाळुंगे येथील आमच्या चिकित्सालयात पूर्वी शेतकरी बैलांच्या गोचिडांसाठी करंजतेल नेत. चाकण परिसरात कारखाने आले; आता कामगार कुटुंबे कुत्र्यासाठी तेच मागतात. "आयुर्वेदिक द्या, म्हणजे अपाय नको," हे वाक्य ठरलेले. एका पावसाळ्यात असे तेल नेलेले गृहस्थ आठवड्याने परतले. गोचीड कमी झाले होते. पण कुत्रा अन्न घेत नव्हता, अंगात ताप होता, नाकातून रक्त येत होते. आम्ही त्यांना तत्काळ पशुवैद्यकांकडे पाठविले. निदान गोचीडतापाचे झाले. कुत्रा वाचला, तथापि पहिल्याच दिवशी 'तो जेवतो का?' हे आम्ही विचारले नव्हते, ही चूक आमचीच.

अपकर्षण म्हणजे कान, बोटांच्या बेचक्या व गळपट्ट्याखालची जागा रोज तपासून चिमट्याने गोचीड सरळ उपटणे. तो बोटांनी चिरडू नये. प्रकृतिविघातासाठी निंब-करंज काही अंशी साहाय्यक ठरतात. परंतु रक्तात शिरलेल्या जंतूंवर लेपाचा उपयोग नाही. शिवाय प्राणी अंग चाटतो. मांजरास कापूरयुक्त तेल अथवा कुत्र्यांसाठीचे पर्मेथ्रिन कदापि लावू नये. ते प्राणघातक ठरू शकते. निदानपरिवर्जन सर्वांत महत्त्वाचे : रक्त पिऊन फुगलेली मादी खाली उतरून भिंतींच्या भेगांत हजारो अंडी घालते. म्हणून कुत्र्याबरोबर त्याची जागा, गोणपाट व भेगाही स्वच्छ कराव्यात.

जंतांचेही तसेच. पिल्लांना दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरवड्यास पशुवैद्यकांच्या सल्ल्याने जंतनाशक द्यावे लागते. अंकुशकृमीच्या अळ्या मातीतून अनवाणी मुलांच्या त्वचेत शिरतात. म्हणजे हा प्रश्न आपल्या रुग्णांचाही आहे.

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ अन्वये पशुचिकित्सेचा व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यकांचा आहे. आपल्या परंपरेनेही अश्वांसाठी शालिहोत्र आणि गजांसाठी पालकाप्य असे स्वतंत्र आचार्य मानले. औषधालयचालकांनी तेलाची बाटली देण्यापूर्वी प्राणी कोणता, वय किती, अन्न घेतो का, हे तीन प्रश्न विचारावेत आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा पत्ता गल्ल्याजवळ लावून ठेवावा, एवढेच या निमित्ताने सुचवावेसे वाटते.