माळ्यावरचीं जुनीं अवजारें

'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' ही म्हण आपल्या घराघरांत बोलली जाते. परंतु ज्या घरांत ती बोलली जाते, त्याच घरांत कुऱ्हाड कोठें आहे असें विचारल्यास नीट उत्तर देणारा सहसा सांपडत नाहीं. कोणी माळ्याकडे बोट दाखवितो, कोणी जुन्या गोठ्याच्या कोपऱ्याकडे, आणि कोणी सांगतो कीं, मागल्या दिवाळीच्या झाडलोटींत तें सगळें मोडींत घातलें. पूर्वजांच्या पोथ्या, तसबिरी, चांदीचीं भांडीं यांची आपण काळजी घेतों. अवजारांची किंमत मात्र तराजूवर ठरवितों. ही दृष्टि बदलावी, आणि ती बदलण्यास फारसा खर्च लागत नाहीं, एवढें दाखविणें हा या लेखाचा हेतु आहे.

प्रथम कुलवृत्तांत पाहूं. कारण घराण्यांप्रमाणें अवजारांसहि कुलवृत्तांत असतो. आमच्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वींच्या अहमदनगर, जिल्ह्यापुरतें बोलावयाचें तर कुऱ्हाडीचें कुळ थेट प्रवरेच्या कांठीं जाऊन पोंचतें. नेवाशाजवळील चिरकी येथें गुड्रून कॉर्व्हिनस या जर्मन विदुषीनें १९६६ पासून १९६९ पर्यंत उत्खनन केलें, तेव्हां अश्मयुगांतील हातकुऱ्हाडी आणि रुंद धारेचीं दगडी हत्यारें मोठ्या संख्येनें मिळालीं. लक्षावधि वर्षांपूर्वींच्या त्या हातकुऱ्हाडीस दांडा नव्हता. माणसाचा तळहात हाच तिचा दांडा. नेवाशासच १९५४ ते १९५६ या काळांत डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकळिया यांच्या देखरेखीखालीं झालेल्या उत्खननांत ताम्रपाषाण युगांतील वस्ती उघडकीस आली. तेथील माणसें दगडी कुऱ्हाडी घांसून गुळगुळीत करीत. आणि त्यापूर्वीं, १९५०–५१ सालीं, संगमनेर तालुक्यांतील जोर्वे येथें तांब्याच्या सहा चपट्या कुऱ्हाडी हातीं आल्या होत्या. सुमारें तीन हजार वर्षांपूर्वींच्या महाराष्ट्रांतील शेतकरी संस्कृतीस आज 'जोर्वे संस्कृति' म्हणतात तें याच गांवावरून.

जोर्वे येथील कुऱ्हाडीस भोंक नाहीं. अशी चपटी कुऱ्हाड लांकडांत खोंचून बांधावी लागते. म्हणजे तेथें दांडा पात्यास धरतो. पुढें लोखंडी कुऱ्हाडीस नेढें आलें, आणि पातें दांड्यास धरूं लागलें. आपल्या माळ्यावरची गंजलेली कुऱ्हाड त्या नेढ्याचा वारसा सांगते. ती भंगारांत देतांना आपण काय देत आहों, याची निदान जाणीव असावी.

येथें एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. घरचें अवजार जपणें निराळें आणि जमिनींतील वस्तु उचलून आणणें निराळें. नदीकांठच्या दगडी कुऱ्हाडी जेथें पडल्या आहेत, तेथें त्या असणें यांतच अभ्यासकाला त्यांचा अर्थ सांपडतो. दायमाबाद येथें १९७४ सालीं एका भिल्ल ग्रामस्थास झाडाचें मूळ खणतांना रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशा चार धातुमूर्ति सांपडल्या. सर्व मिळून वजन साठ किलोंहून अधिक. त्या वितळविल्या गेल्या असत्या, तर आपल्या इतिहासाचें एक पानच नाहींसें झालें असतें. जमिनींत सांपडलेल्या मौल्यवान ठेव्याची वर्दी सरकारांत द्यावी असा १८७८ चा कायदा आहे, तो सर्वांनीं लक्षांत ठेवावा.

आतां माळ्यावरच्या अवजाराकडे वळूं. तें कोणाच्या हातचें, हें कसें ओळखावें? गांवच्या लोहाराची कुऱ्हाड बहुधा लोखंडाची पट्टी कांबीभोंवतीं वळवून, दोन्ही टोंकें तापवून एकजीव करून घडविलेली असते. मोठ्या नजरेच्या कांचेनें पाहिल्यास नेढ्यापासून धारेकडे जाणारी सांध्याची रेषा दिसते. नेढें किंचित वांकडें असतें, दोन्ही गाल तंतोतंत सारखे नसतात. कित्येकदां धारेपुरता पोलादाचा तुकडा मध्यें बसविलेला असतो. त्यावर कानस हळूच फिरवून पाहावी: पोलादावर ती घसरते, लोखंडास ती धरते. मागच्या पिढीच्या लोहारांनीं गाडीच्या चाकाची जुनी धांव आणि मोटारीच्या कमानीचा पाटा यांपासूनहि पुष्कळ अवजारें केलीं. पाट्याचें पोलाद चांगलें असल्यामुळें अशीं अवजारें दिसण्यांत ओबडधोबड पण कामास चोख असतात.

कारखान्यांतील माल छापावरून ओळखतां येतो. जमशेदपूरच्या टाटांचा 'अ‍ॅग्रिको' छाप कुदळी-फावड्यांवर आढळतो. जुन्या कानशींवर शेफील्डचें नांव असतें, रंध्यांवर अमेरिकेंतील स्टॅन्ले कंपनीचें. चाकूवर तारा आणि क्रूस अशी जोडखूण असल्यास तो शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स यांचा समजावा. आमच्या नगरास लष्करी छावणी जुनी. त्यामुळें एखाद्या पहारीवर वा टिकावावर बाणाच्या टोंकाची खूण दिसल्यास आश्चर्य वाटूं नये. ब्रिटिश सरकारच्या मालमत्तेवर ती खूण घालीत. अशा खुणा गंजाखालीं दडलेल्या असतात, म्हणून साफसफाईची घाई करूं नये.

जीर्णोद्धार म्हणजे नवें करणें नव्हे. वाळूचा कागद किंवा विजेवर फिरणारें सहाणेचें चाक लावून पातें आरशासारखें चकचकीत करणाऱ्या उत्साही तरुणांनीं हें विशेष ध्यानांत घ्यावें. छाप, घणाच्या खुणा, वापरानें झिजलेली कड हेंच त्या वस्तूचें चरित्र होय. शिवाय चाकावर धार तापली आणि तिच्यावर निळी झांक आली, कीं पोलादाचें पाणी उतरलें. मग तें अवजार पुन्हां लोहाराकडे नेल्यावांचून कामाचें राहत नाहीं. याच कारणानें अडकलेला जुना दांडा काढण्यासाठीं पातें चुलींत घालूं नये. दांडा कापून, नेढ्यांतील तुकडा ठोकून बाहेर काढावा.

साफ करण्याची रीत साधी आहे. पातें दोन दिवस रॉकेलांत भिजत ठेवावें, नंतर नारळाच्या काथ्यानें घांसावें. चिवट गंजास चिंचेचा कोळ चालतो. परंतु आंबट पदार्थ गंजाबरोबर लोखंडहि खातो, म्हणून कोळ फार वेळ ठेवूं नये. पातें राखेच्या पाण्यानें धुवून उन्हांत पूर्ण वाळवावें व तेलाचें बोट फिरवावें. नवा दांडा धावड्याचा किंवा बाभळीचा, सावलींत वाळलेल्या लांकडाचा असावा. लांकडाच्या रेषा दांड्याच्या टोंकापासून टोंकापर्यंत सरळ जाव्यात. तो नेढ्यांत घट्ट बसवून वर पाचर ठोकावी आणि जवसाचें तेल जिरवावें. पातें सैल असलेली कुऱ्हाड मुलांच्याच काय, मोठ्यांच्याहि हातीं देऊं नये.

धारेविषयीं संस्कृताच्या मास्तरास दोन शब्द अधिक लिहिण्याची मुभा असावी. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत शस्त्रांस द्यावयाच्या 'पायने'चे तीन प्रकार सांगितले आहेत: क्षाराची, पाण्याची आणि तेलाची. धार लावण्याचा दगड गुळगुळीत व उडदाच्या रंगाचा असावा, लावलेली धार टिकविण्यास सांवरीची फळी असावी, आणि केंस कापला गेला म्हणजे शस्त्र सिद्ध झालें असें समजावें, असें तेथें म्हटलें आहे. 'पायना' म्हणजे पाजणें. आमचा लोहार आजहि पोलादास 'पाणी देतो' आणि आपण विळा 'पाजवितों'. ग्रंथांतील शस्त्रवैद्य आणि भात्यापुढें बसलेला कारागीर यांची भाषा एकच आहे. आपण मात्र पहिल्यास विद्या म्हटलें आणि दुसऱ्यास काम.

येथेंच मुख्य मुद्दा येतो. आपल्या घरांत अवजार आपलें होतें, पण हात बहुधा दुसऱ्याचा होता. विळी आणि अडकित्ता एवढीं आपल्या माणसांच्या हातांतलीं; कुऱ्हाड, वाकस, पटाशी, फाळ हीं सुतारानें, लोहारानें आणि वाट्यानें शेत कसणाऱ्यानें चालविलीं. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गांवगाडा' या १९१५ सालच्या ग्रंथांत बलुतेदारांचें सविस्तर वर्णन आहे. तो गाडा केव्हांच मोडला. लोहाराचा मुलगा आज वर्कशॉपांत असतो, आणि अवजार पाहून तें कोणी घडविलें हें सांगणारे म्हातारे एकेक करून जात आहेत. वस्तु राहिली आणि नांव गेलें, तर राहिलें तें केवळ लोखंड. म्हणून प्रत्येक अवजारास एक चिठ्ठी बांधावी: अवजाराचें नांव, त्याच्या भागांचीं स्थानिक नांवें, घडविणाऱ्याचें व वापरणाऱ्याचें नांव, कोणत्या कामास लागे, आणि घरांत कधीं आलें. ही माहिती घरांतल्यांस नसेल तर गांवीं जाऊन त्या घराण्यांना विचारावी. तेवढें ऋण आपल्या अंगावर आहे.

सामान्य वस्तूंच्या संग्रहास कोण विचारतो, असें कोणी म्हणेल तर त्यानें पुण्याचें राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहावें. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०), म्हणजे 'अज्ञातवासी' या नांवानें काव्यलेखन करणारे कवि, यांनीं गांवोगांव हिंडून दिवे, अडकित्ते, कुलपें, भांडीं असल्या घरगुती वस्तु जमविल्या. ज्यांना लोक अडगळ म्हणत, त्यांसाठीं आज देशोदेशींचे प्रवासी तिकीट काढून येतात. प्रत्येकानें संग्रहालय उभारावें असें नव्हे. एकत्र कुटुंबांत दहाबारा अवजारें जपण्यास एक फळी पुरते.

आपल्याकडे यासाठीं मुहूर्तहि ठरलेला आहे. आश्विन शुद्ध नवमीस, खंडेनवमीस, शस्त्रांची व अवजारांची पूजा होते. हल्लीं त्या दिवशीं मोटारगाडीस व संगणकास हार घालतात. घालावा, तींहि अवजारेंच. परंतु त्याच दिवशीं माळ्यावरचें गांठोडें खालीं काढावें, मुलांनीं रॉकेल व काथ्या घ्यावा, आजोबांनीं नांवें सांगावीं, सुनेनें वा नातीनें तीं लिहून घ्यावीं, आणि तेलाचें बोट फिरवून सर्व पुन्हां फळीवर ठेवावें. वर्षांतून एक सकाळ एवढा खर्च आहे. तो ज्या घरीं होईल, त्या घरचीं मुलें कुऱ्हाडीच्या नेढ्याकडे बोट दाखवून त्याचें नांव सांगूं शकतील, आणि ती कोणी घडविली हेंहि.